प्रश्न कोणाचा?

(पिंपरीतल्या एका बुद्धविहारात झालेल्या युवक अभ्यासशिबिरातलं भाषण. बोललं गेलं तसंच छापत आहोत, फक्त पुन्हापुन्हा आलेली वाक्यं काढली आहेत.)



शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे विषय छापलाय : 'वृत्तवाहिन्यांवरील चर्चा आणि राजकीय पूर्वग्रह'. विषय देणाऱ्यांनी जरा जडच दिलाय. मी कंपनीत फिटर आहे, प्राध्यापक नाही. म्हणून माझ्या भाषेत सांगतो. रात्री आठ-नऊच्या सुमाराला टीव्हीवर जी भांडणं लावतात, त्यात आपला माणूस दर वेळी आरोपीच्या पिंजऱ्यातच कसा उभा असतो? आणि 'तुम्ही दुजाभाव करताय' असं तो म्हणाला, की दुसऱ्या मिनिटाला तोच जातीयवादी कसा ठरतो? एवढंच मला बोलायचंय.

तुमच्यातले निम्मे म्हणतील, टीव्ही बघतो कोण आता? खरं आहे. सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला घरी येणारा पोरगा नऊची चर्चा कशी बघणार? पण त्याच चर्चेतला अर्ध्या मिनिटाचा तुकडा सकाळी बसमध्ये त्याच्या मोबाईलवर येतो. सुपरवायझरच्या मोबाईलवर येतो. ठेकेदाराच्याही येतो. अख्खी चर्चा कुणी बघत नसेल, तुकडा सगळे बघतात. आणि त्या तुकड्यावरून माणसाची भाकरी जाते. ती कशी जाते ते आधी सांगतो, विचार नंतर मांडतो.

२०१८ सालची गोष्ट. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या लढाईला दोनशे वर्षं पुरी होत होती. आपली माणसं तिकडे कशी जातात तुम्हाला माहीत आहे. पिंपरी-भोसरीवाले आळंदी, मरकळ, तुळापूर, फुलगाव करत लोणीकंदला निघतात. चाकणवाले शिक्रापूरवरून सणसवाडी करत येतात. त्या दिवशी कोरेगाव, सणसवाडी या पट्ट्यात दगड पडले, गाड्या जळल्या, बायापोरं घेऊन माणसं शेतातून पळाली. एका तरुणाचा जीव गेला. तो आपल्यातला नव्हता. पण गेला तो माणूस होता, हे मी पहिल्यांदा म्हणून ठेवतो. कारण पुढे मला हेच म्हणायला वेळ मिळाला नाही.

२ तारखेला इथल्याच पिंपरी पोलीस ठाण्यात एका कार्यकर्तीने मिलिंद एकबोटे आणि संभाजी भिडे यांच्याविरुद्ध फिर्याद दिली. ती पुढे शिक्रापूर ठाण्याकडे वर्ग झाली. दोघांनीही आरोप नाकारले. एकबोटेंना मार्चमध्ये अटक झाली, भिडेंना झाली नाही. ३ तारखेला प्रकाश आंबेडकरांच्या हाकेवर महाराष्ट्र बंद झाला.

बंदच्या दुसऱ्या दिवशी मला एका वाहिनीचा फोन आला. वाहिनीचं नाव घेत नाही. घेतलं तर तुम्ही त्या एकीला शिव्या द्याल आणि बाकीच्या सुटतील. 'संध्याकाळी चर्चा आहे, तुमची बाजू मांडा.' मी फर्स्ट शिफ्ट करून तसाच पिंपरी चौकात गेलो. गाडी उभी, दिवे लावलेले. कॅमेरावाला म्हणाला, दादा, थोडं डावीकडे, बाबासाहेबांचा पुतळा मागे आला पाहिजे. मला बरं वाटलं. नंतर कळलं, तो पुतळा माझ्या मागे का पाहिजे होता.

माझ्या नावाखाली पट्टीवर काय लिहिणार, असं मी विचारलं. म्हणालो, कामगार लिहा. सतरा वर्षं चाकणच्या कंपनीत आहे. तर म्हणाले, वर काय टाकतात ते आमच्या हातात नाही. वर काय टाकलं? 'दलित आंदोलक'. स्टुडिओत चौघे बसले होते. त्यांच्या पट्ट्या मी नंतर बघितल्या. एक 'राजकीय विश्लेषक', एक 'इतिहास अभ्यासक', एक 'माजी पोलीस अधिकारी', एक 'ज्येष्ठ पत्रकार'. म्हणजे ते चौघे विचार करणारे आणि मी आंदोलन करणारा. चर्चा सुरू व्हायच्या आधीच निकाल पट्टीवर छापून आला होता.

निवेदकाने पहिला प्रश्न टाकला, 'सर, एका शब्दात सांगा, बंदमधल्या तोडफोडीचा तुम्ही निषेध करता की नाही?'

मी म्हणालो, 'करतो. पण १ तारखेला...'

'म्हणजे पण लावून निषेध!'

चौघे हसले. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा मी 'करतो' म्हणालो, पुन्हा पुढचं वाक्य कापलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र माझं डोकं तापलं. मी विचारलं, 'साहेब, १ तारखेच्या दगडफेकीचा निषेध करता का, हे तुम्ही या चौघांतल्या एकाला तरी विचारलंत का? मला तीनदा विचारता. मलाच का?'

निवेदक म्हणाला, 'तुम्ही आमच्याच व्यासपीठावर येऊन आमच्यावर जातीयवादाचा आरोप करताय?'

दोस्तहो, मी जात हा शब्दसुद्धा उच्चारला नव्हता. पण विश्लेषकाने लगेच तो झेलला. म्हणाला, बघा, हीच मानसिकता महाराष्ट्र पेटवतेय. मग ब्रेक. ब्रेकनंतर माझ्या कानात नुसती खरखर. माझी चौकट पडद्यावरून गेली होती. तिथे आता जळणारी बस होती.

माझ्यासोबत माईक धरून उभा असलेला बातमीदार पोरगा खाली मान घालून म्हणाला, 'दादा, माझ्या हातात काय नाय.' खरंच नव्हतं. तो पगारीसुद्धा नव्हता. बातमीमागे पैसे मिळायचे, लागली तर. आपल्यासारखाच कंत्राटी. त्याच्यावर राग धरू नका. दगड मारणाऱ्या हाताच्या मागे जसं डोकं असतं, तसं माईक धरणाऱ्या हाताच्या मागेही असतं, आणि ते चौकात येत नाही.

माझं काय गेलं? काही नाही. मी परमनंट होतो, युनियन होती. पण माझ्या मागे निळा झेंडा घेऊन आपल्या वस्तीतला वीस-एकवीस वर्षांचा एक पोरगा उभा होता. मी बोलताना तो 'जय भीम' ओरडला. दुसऱ्या दिवशी जो तुकडा फिरला त्यात माझं एक वाक्य नव्हतं. त्याचा तोंड उघडलेला चेहरा थांबवून ठेवला होता आणि खाली पट्टी : 'महाराष्ट्र कुणी पेटवला?' तो ठेकेदाराकडे पॅकिंगला होता. ठेकेदाराने गेटवरच विचारलं, 'तुझ्यावर केस आहे का?' तो म्हणाला, 'नाही.' ठेकेदार म्हणाला, 'मग टीव्हीवर कसा आलास?'

झालं. नोटीस नाही, चौकशी नाही. यादीतून नाव गेलं. आज तो रिक्षा चालवतो. या शिबिराला बोलावलं तर म्हणाला, तिथे फोटो काढणार असाल तर मी येत नाही.

पूर्वग्रह म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. कुणी आपल्याला शिवी देणं म्हणजेच पूर्वग्रह, अशी आपली समजूत असते. टीव्हीवर शिवी कोण देतो? तिथे सगळे 'सर-सर' करतात. तिथला पूर्वग्रह प्रश्नात असतो. 'तोडफोडीचा निषेध करता का?' हा प्रश्न काही खोटा नाही. मला जरूर विचारा. पण तो एकालाच विचारला की प्रश्न राहत नाही, आरोप होतो. आणि दिवसभरात घडलेल्या शंभर गोष्टींतून कुठली उचलायची, कुठून मोजायला सुरुवात करायची, हेही प्रश्नातच ठरतं. १ तारखेपासून मोजलं तर आपण मार खाणारे. ३ तारखेपासून मोजलं तर आपण मारणारे. घड्याळ ज्याच्या हातात, न्याय त्याच्या हातात.

हे टीव्हीने शोधून काढलं असं समजू नका. खोड जुनी आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. दलित पँथर जन्मली तीही १९७२ मध्येच. त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या 'साधना'च्या अंकात राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला. राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर काय शिक्षा आणि दलित स्त्रीचं लुगडं फेडलं तर काय शिक्षा, या दोन गोष्टी त्यांनी शेजारी-शेजारी ठेवल्या. त्या वर्षी परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात आपल्या बायांची विटंबना झाली होती, बावड्याला बहिष्कार पडला होता. महाराष्ट्रातल्या विद्वानांनी चर्चा कशावर केली? झेंड्यावर. ढाल्यांची भाषा शोभते का, यावर. ब्राह्मणगावच्या बाया चर्चेतून कधी नाहीशा झाल्या ते कुणाला कळलंच नाही. तेव्हा टीव्ही नव्हता, पण प्रश्न बदलायची कला तयार होती.

मग २००६. २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर. मोठ्या वाहिन्यांना तिथे पोचायला महिना लागला. आपण रस्त्यावर आलो तेव्हा गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याचं म्हटलं. म्हणजे तो शब्द २०१८ चा नाही, बारा वर्षं आधी वापरून झालेला आहे. नोव्हेंबरच्या शेवटी कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळले. आपल्या चिंचवड-पिंपरीवरून रोज धडधडत जाते ती डेक्कन क्वीन. गाडी जळाली हे चूकच. पण मला सांगा, जळालेली गाडी पडद्यावर तुम्ही किती वेळा बघितली आणि भैयालाल भोतमांगेंचा चेहरा किती वेळा? लोखंडाच्या डब्याला चेहरा मिळाला, चार माणसांना मिळाला नाही.

आता कोरेगावचं पुढे काय झालं बघा. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली होती. ८ जानेवारीला विश्रामबाग पोलीस ठाण्यात एक फिर्याद नोंदली गेली : परिषदेतल्या भाषणांमुळे दंगल झाली. तिथून घड्याळ पुन्हा लावलं गेलं. आता मोजणी १ तारखेपासूनसुद्धा नाही, ३१ तारखेपासून. ६ जूनला सुधीर ढवळे, सुरेंद्र गडलिंग, शोमा सेन, महेश राऊत, रोना विल्सन यांना अटक झाली. २८ ऑगस्टला आणखी अटका झाल्या. त्याआधी, ४ जुलैला रिपब्लिक टीव्हीवर सुधा भारद्वाज यांच्या नावाचं एक पत्र दाखवलं गेलं. तेव्हा त्यांना अटकही झाली नव्हती. ते पत्र बनावट आहे, असं त्यांनी जाहीर निवेदन काढून सांगितलं. ३१ ऑगस्टला राज्याच्या अतिरिक्त पोलीस महासंचालकांनी मुंबईत पत्रकार परिषद घेऊन आरोपींची म्हणवली जाणारी पत्रं वाचून दाखवली. तीनच दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने विचारलं, प्रकरण न्यायालयापुढे असताना पोलीस अशी पत्रकार परिषद घेतात कशी? २८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने वेगळी चौकशी नाकारली. पण न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात पोलिसांच्या या माध्यमबाजीवर कडक ताशेरे मारले.

तोपर्यंत स्टुडिओत खटला चालून संपलाही होता. 'शहरी नक्षल' ही पट्टी घराघरांत गेली होती. मला चाकणला कँटीनमध्ये एका चांगल्या मित्राने विचारलं, 'काय रे, तुमच्यात ते नक्षल किती असतात?' तो वाईट माणूस नाही. त्याने रोज रात्री जे ऐकलं ते विचारलं.

आणि २०२२ मध्ये काय झालं? कोरेगाव भीमा चौकशी आयोगापुढे, दंगलीच्या काही गुन्ह्यांचा तपास केलेल्या पोलीस अधिकाऱ्यानेच उलटतपासणीत सांगितलं की १ जानेवारीची दंगल एल्गार परिषदेमुळे झाली असं दाखवणारी कुठलीही माहिती त्याच्या तपासात समोर आली नाही. वर्तमानपत्रांत बातमी आली. मी त्या रात्री मुद्दाम टीव्हीसमोर बसलो. एका वाहिनीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. म्हटलं, चार वर्षं ज्यावर ओरडलात त्यावर आज चार मिनिटं तरी बोलाल. माझ्या नजरेला तरी एकही चर्चा पडली नाही. स्टॅन स्वामी तोवर ५ जुलै २०२१ ला कोठडीतच गेले होते. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला, ऐन भीमजयंतीला, शरण गेले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जामिनावर सुटले. 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे जानेवारी २०२५ मध्ये बाहेर आले. साडेसहा वर्षं. एका नियतकालिकाचा संपादक साडेसहा वर्षं आत. हे तुम्ही लिहिणाऱ्या पोरांनी ध्यानात ठेवा.

आता मी आपल्याच पट्ट्यातली आणखी एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी एकतर्फी बोलतोय असं व्हायला नको. ३० जुलै २०१८ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकण पेटलं. बसगाड्या जळल्या. त्या वेळच्या चर्चा मी ऐकल्या. बाहेरचे घुसले का, असं विचारलं गेलं. पण त्यासोबत हेही विचारलं गेलं की तरुण चिडला का? शेतीचं काय झालं, जमिनी गेल्या त्यांचं काय झालं, कंपन्या आल्या तर नोकऱ्या कुठे आहेत? हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. ती पोरंही माझ्याच लाईनवर कंत्राटी काम करतात, त्यांच्यावरही केसेस पडल्या. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. माझी तक्रार एवढीच, की 'तरुण चिडला का?' हा प्रश्न जानेवारीत आपल्या पोरांबद्दल मी ऐकला नाही. तेव्हा प्रश्न होता, 'यांना चिथावलं कुणी?' म्हणजे त्यांच्या रागाला कारण असतं, आपल्या रागाला सूत्रधार असतो. आपला पोरगा स्वतःच्या डोक्याने चिडूसुद्धा शकत नाही!

आणि जिथे आम्ही दोघं एकत्र चिडतो, तिथे कॅमेराच येत नाही. २५ जून २०१३ ला चाकणला बजाज ऑटोमध्ये संप सुरू झाला, पन्नास दिवस चालला. त्यात मराठा होते, बौद्ध होते, माळी-धनगर होते. पन्नास रात्रींत त्यावर झालेली एक सबंध चर्चा मला आठवत नाही. कंत्राटी कामगार, किमान वेतन, बोटं तुटणं, हे विषय नऊच्या पाटावर कधी वाढलेत? जात विरुद्ध जात असेल तर चौकटी भरतात. कामगार विरुद्ध मालक असेल तर जाहिराती कोण देणार?

या स्टुडिओत बसतं कोण, याची मोजणी झालेली आहे. २००६ मध्ये दिल्लीतल्या ३७ वृत्तसंस्थांमधल्या ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी झाली. अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी ती केली. त्यात एकही दलित नव्हता, एकही आदिवासी नव्हता. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीचा अहवाल आला. माध्यमांतल्या नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर सवर्ण, अनुसूचित जाती-जमातींचा एकही नाही. हिंदीतल्या ४० आणि इंग्रजीतल्या ४७ चर्चा-निवेदकांमध्ये दर चौघांतले तीन सवर्ण. दलित, आदिवासी, ओबीसी एकही नाही. तेरा वर्षांत शून्याचा एक झाला नाही. हे हिंदी-इंग्रजीचं झालं. मराठीची मोजणी कुणी करायची? आपण. त्यावर शेवटी येतो.

हे आकडे सांगितले की उत्तर काय येतं? 'तुम्ही जात का काढता?' इथेच खरी मेख आहे. ज्या खोलीत सगळे एकाच थरातले असतात, तिथे जात दिसत नाही. पाण्यातल्या माशाला पाणी दिसतं का? आपण आत पाऊल टाकलं की त्यांना अचानक जात दिसते, आपली. म्हणून त्यांच्या लेखी जात आपण आणली. २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुलाने जीव दिला. विद्यापीठाने त्याला कसं वागवलं हा प्रश्न होता. चर्चा कशावर गेली? तो दलित होता की नव्हता. मेलेल्या पोराचा जातीचा दाखला तपासत बसले आणि वर पुन्हा आपल्यालाच म्हणाले, जात काढू नका.

त्यांच्यावर पूर्वग्रहाचा आरोप झाला की त्यांच्या भावना दुखावतात. आपल्यावर पूर्वग्रह चालवला की आपली नोकरी जाते. हे दोन एकाच तराजूत घालून निवेदक म्हणतो, दोन्ही बाजू ऐकल्या. मार खाणारा एक बाजू, मारणारा दुसरी बाजू आणि मध्ये बसलेला म्हणे तटस्थ. अशी तटस्थता आपल्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या बघितलीय. पाटील पारावर बसून दोन्ही बाजू ऐकायचा आणि निकाल वाड्यावर आधीच ठरलेला असायचा.

टाळ्या नकोत. आता आपल्याबद्दल बोलायचंय आणि ते ऐकायला कडू आहे.

आपले पुढारी काय करतात? वाहिनीचा फोन आला की सभा सोडून पळतात. अर्धं मिनिट चेहरा दिसावा म्हणून निळं उपरणं टाकून पुतळ्यासमोर उभे राहतात. मीही तेच केलं, माझ्यापासून सुरुवात करा. वाहिनीवाले आपल्याच दोन गटांतले दोघे शोधतात, समोरासमोर बसवतात, आणि आपण कोंबड्यांसारखे झुंजतो. बघणारा म्हणतो, यांचं यांच्यातच जमत नाही. ही झुंज कुणाच्या करमणुकीसाठी असते, हे आपण कधी विचारतो का?

दुसरं. आपणसुद्धा प्रत्येक अडचणीच्या प्रश्नाला 'जातीयवादी' म्हणायला शिकलोय. आपल्या नगरसेवकाला कुणी विचारलं, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत घरं कुणाला दिली? तर तो म्हणतो, मी दलित आहे म्हणून विचारता! हे चालणार नाही. असा खोटा आरोप केला की पुढच्या खऱ्या आरोपाची किंमत जाते. पूर्वग्रहाचा आरोप हे आपलं हत्यार आहे. हत्याराने कांदा कापत बसलं तर धार राहत नाही. मग फरक कसा ओळखायचा? माझी कसोटी साधी आहे. हाच प्रश्न समोरच्यालाही विचारला का? विचारला असेल तर उत्तर द्या, कितीही झोंबला तरी. नसेल विचारला, तर पुरावा दाखवा आणि मग आरोप करा.

पुरावा कुठून आणायचा? म्हणून मी या वस्तीतल्या पोरापोरींना सांगतो, एक वही घाला. शंभर पानी, साधी. पाच रकाने. चर्चेचा प्रश्न काय होता, शब्दशः. पॅनेलवर कोण होतं आणि पट्टीवर काय लिहिलं होतं. कोण किती मिनिटं बोललं. कुणाला किती वेळा तोडलं. बाजूच्या चौकटीत कुठली चित्रं फिरवली. मोबाईलच्या घड्याळावर मोजा. एका वस्तीने एक वाहिनी घ्यायची. भाटनगरने एक, ओटास्कीमने एक, चाकणच्या खोल्यांमधल्या पोरांनी एक. सहा महिने. भाषण नको, शिवी नको, नुसती नोंद. बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे, सायमन आयोगापुढे नुसता संताप नेला नव्हता, आकडे नेले होते.

मग तक्रार. २०२१ च्या केबल टीव्ही नियमांप्रमाणे कुठल्याही वाहिनीकडे तक्रार करता येते. चोवीस तासांत पोच द्यावी लागते, पंधरा दिवसांत निकाल. समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या नियमन मंडळाकडे जाता येतं. कार्यक्रम झाल्यापासून सात दिवसांच्या आत तक्रार टाका, तारीख-वेळ-तुकडा जोडून. उपयोग होतो का? थोडा होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुसलमानांविरुद्ध विष पेरणाऱ्या कार्यक्रमांवर एका कार्यकर्त्याच्या तक्रारींमुळे आदेश निघाले. टाइम्स नाऊ नवभारतला एक लाख, न्यूज१८ इंडियाला पन्नास हजार दंड, आणि आज तकसकट तिघांना ते कार्यक्रम काढून टाकायला सांगितलं. लाखाचा दंड म्हणजे त्यांच्या चहापाण्याचा खर्च. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटलंय की एवढ्या दंडाने काही होत नाही. शिवाय सगळ्या वाहिन्या त्या एका मंडळाच्या सभासदही नाहीत. तरी कागद होतो. आणि कागद झाला की पुढच्या वेळी 'तुम्ही आमच्यावर आरोप करताय?' असं विचारलं, तर वही पुढे करता येते. म्हणायचं, आरोप नाही साहेब, मोजणी आहे.

काही जण म्हणतात, बहिष्कारच टाका. सप्टेंबर २०२३ मध्ये 'इंडिया' आघाडीने चौदा निवेदकांच्या कार्यक्रमांना जायचं नाही असं ठरवलं होतं. पक्षांचं ठीक आहे, त्यांच्याकडे दुसरे मार्ग आहेत. आपल्याला बहिष्कार नवा नाही, आपण तो टाकला नाही, भोगलाय. माझं मत असं, की जायचं तर अटीवर जायचं. पट्टीवर काय लिहिणार ते आधी सांगा. प्रश्न काय ते आधी सांगा. इतर कोण ते सांगा. एकटा पोरगा पाठवायचा नाही, आणि झेंडा घेऊन मागे गर्दी करायची नाही. मान्य नसेल तर जय भीम, घरी बसा, वही लिहा.

आणि शेवटी स्वतःचं. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. पैसे देऊनही त्याची जाहिरात 'केसरी'ने घेतली नाही. बाबासाहेब रडत बसले नाहीत. १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९३० ला 'जनता', १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. १९४३ मध्ये याच पुण्यात रानड्यांच्या जयंतीचं भाषण करताना त्यांनी वर्तमानपत्रांचा असा समाचार घेतला, की साबण विकणं आणि बातमी विकणं यांत त्यांना फरक दिसत नव्हता. तेव्हा टीव्ही नव्हता. असता तर ते काय म्हणाले असते, ते तुम्हीच ठरवा. आज तुमच्या खिशात कॅमेरा आहे. त्याने रील काढता, काढा. पण गेटवर कामावरून काढलेल्या माणसाला त्याच कॅमेऱ्यासमोर पाच मिनिटं न तोडता बोलू द्या. 'निषेध करता का?' असं त्याला विचारू नका. 'काय झालं?' एवढंच विचारा.

त्या पोराला ठेकेदाराने विचारलं होतं, केस नाही तर टीव्हीवर कसा आलास? म्हणजे आपला माणूस पडद्यावर दिसला की तो गुन्हेगारच, हे ठेकेदाराच्या मनात पक्कं होतं. ते त्याच्या मनात कुणी घातलं, रोज रात्री कसं घातलं, हे तारखेसकट आणि मिनिटासकट लिहून काढणं हे आपलं काम आहे. परवा त्याला भेटलो. म्हटलं, शिबिराला येऊ नको, फोटो नको, वही लिहिशील का? थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'रात्री नऊला मी रिक्षा बंद करतो. लिहीन.'

पहिली वही त्याच्याकडे दिलीय. दुसरी कोण घेतो?

जय भीम.